दोन इंजेक्टर बंद पडले तर?

टेक्ससमधल्या एका छोट्या धावपट्टीवरच्या हँगरमध्ये मी सात वर्षे व्हॅन्स कंपनीचे आरव्ही-६ हे दोन आसनी विमान बांधत होतो. या विमानाचा सांगाडा १५० ते १८० अश्वशक्तीच्या लायकमिंग इंजिनासाठी आखलेला आहे आणि बहुतेक बांधणारे तेच इंजिन बसवतात. मी मात्र माझदाच्या आरएक्स-७ मोटारीतले १३बी हे दोन रोटरचे इंजिन निवडले. ते आकाराने लहान आहे, त्यात व्हॉल्व्ह नाहीत, पिस्टन नाहीत, खालीवर आपटणारे काहीच नाही, आणि पूर्ण खोलून पुन्हा जोडायला मला स्वतःला दोन दिवस पुरतात. या इंजिनाला इंजेक्टर, म्हणजे पेट्रोलचा फवारा सोडणाऱ्या विजेवर उघडणाऱ्या तोट्या, कोणते लावायचे हा प्रश्न मी एका शनिवारी संपवणार होतो. प्रत्यक्षात त्याला जवळजवळ आठ महिने लागले आणि त्या आठ महिन्यांत मी जे शिकलो ते इथे क्रमाने लिहून ठेवत आहे.

इंधन इंजेक्शन असलेल्या लायकमिंगवर हा प्रश्न उभाच राहत नाही. तिथे इंधन सतत वाहते. प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी पितळेची एक बारीक नळी असते, तिचा पार्ट नंबर ठरलेला असतो आणि प्रमाणित विमानात तो मनाप्रमाणे बदलण्याची मुभा नसते. घरी बांधलेल्या प्रायोगिक विमानात ही मुभा पूर्ण असते. इंजेक्टर कोणता लावावा हे अमेरिकेचे हवाई प्रशासन सांगत नाही आणि लावलेला इंजेक्टर चुकीचा होता असेही आधी कोणी सांगत नाही. ते जमिनीपासून तीनशे फुटांवर इंजिनच सांगते. म्हणून हा निर्णय ऐकीव माहितीवर घ्यायचा नाही, प्रत्येक आकडा स्वतः मोजायचा, असे मी सुरुवातीलाच ठरवले.

माझा पहिला हिशेब अगदी साधा होता. पूर्ण थ्रॉटलला १८० अश्वशक्ती हवी. रोटरी इंजिन पिस्टन इंजिनापेक्षा थोडे जास्त पिते. एका अश्वशक्तीला तासाला सुमारे २५० ग्रॅम पेट्रोल धरले, तर तासाला ४५ किलो, म्हणजे ६१ लिटर, म्हणजेच मिनिटाला साधारण १,०२० सीसी. इंजेक्टर चार, प्रत्येक रोटरला दोन. प्रत्येकाच्या वाट्याला २५५ सीसी येतात. इंजेक्टर सतत उघडा ठेवता येत नाही, ऐंशी टक्के वेळच उघडा धरायचा, म्हणून ३२० सीसीचा इंजेक्टर पुरेसा. माझ्या इंजिनासोबत आलेले मूळ इंजेक्टर ४६० सीसीचे होते. मग अडचण कुठे आहे, असे मला त्या शनिवारी वाटले होते.

पहिली अडचण वेळेची होती. रोटरी इंजिनात त्रिकोणी रोटरला तीन बाजू असतात आणि रोटरचा एक फेरा होईपर्यंत मुख्य दांडा, ज्याला एक्सेंट्रिक शाफ्ट म्हणतात, तीन फेरे घेतो. त्यामुळे दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटर एकदा श्वास घेतो. चार स्ट्रोकच्या पिस्टन इंजिनात सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढतो. मिनिटाला ६,००० फेऱ्यांना एका फेऱ्याची वेळ १० मिलिसेकंद असते, म्हणजे पिस्टन इंजिनातल्या इंजेक्टरला त्याच गतीला २० मिलिसेकंद मिळतात आणि माझ्या इंजेक्टरला फक्त १०. मोटारीच्या दुकानात ‘एवढ्या अश्वशक्तीला एवढा इंजेक्टर’ असा जो तक्ता भिंतीवर लावलेला असतो, तो रोटरीला जसाच्या तसा लावून चालत नाही, याचे कारण हेच. एकूण इंधन तेवढेच असते, पण इंजेक्टर दुप्पट वेळा उघडतो आणि मिटतो. प्रत्येक वेळी वीज मिळाल्यापासून सुई खरोखर उचलली जाईपर्यंत साधारण एक मिलिसेकंद वाया जातो. वीस मिलिसेकंदांतून एक गेला तर जाणवत नाही, दहांतून गेला तर तो दहावा हिस्सा असतो.

दुसरी अडचण अधिक गंभीर होती. मोटारीत एक इंजेक्टर बंद पडला तर गाडी खोकत खोकत रस्त्याच्या कडेला जाऊन थांबते. विमानात चार इंजेक्टर असतात ते ताकद वाढवण्यासाठी नव्हे. माझ्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे इंजेक्टर कधी आणि किती वेळ उघडायचे ते ठरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीत, चार इंजेक्टरांच्या दोन जोड्या आहेत. प्रत्येक रोटरला पहिल्या जोडीतला एक आणि दुसऱ्या जोडीतला एक मिळतो, आणि पॅनेलवरच्या दोन स्विचांनी कोणतीही जोडी पूर्ण बंद करता येते. एखादा इंजेक्टर मिटलेला अडकला किंवा विजेच्या बिघाडाने उघडाच राहिला, तर त्याची जोडी बंद करून उरलेल्या जोडीवर उडत राहायचे, अशी ही योजना आहे. म्हणजे मला विचारायचा खरा प्रश्न ‘चार इंजेक्टर मिळून किती देतात’ हा नव्हता. ‘दोनच राहिले तर विमान चढेल का’ हा होता.

आरव्ही-६ ची किमान ताकद १५० अश्वशक्ती धरलेली आहे, म्हणून तीच मी मर्यादा मानली. १५० अश्वशक्तीला मिनिटाला सुमारे ८५० सीसी लागतात. मूळचे ४६० सीसीचे दोन इंजेक्टर सतत उघडे ठेवले तरी ९२० देतात. ८५० काढायचे तर दहापैकी ९.२ मिलिसेकंद खरे वाहायला हवेत, त्यात उघडण्यातला उशीर मिळवला की बेरीज दहाच्या वर जाते. इंजेक्टर मिटायच्या आतच पुढची पाळी येते. चार असताना भरपूर वाटणारे हे इंजेक्टर दोनच उरले की कमी पडतात, हे कागदावर मांडेपर्यंत माझ्या लक्षातही आले नव्हते.

मग मोठे घ्यावेत असा सरळ विचार येतो आणि शर्यतीच्या मोटारी बांधणारे तोच सल्ला देतात. हजार सीसीचे इंजेक्टर आज सहज मिळतात. पण हिशेब दुसऱ्या टोकानेही तपासावा लागतो. उतरताना थ्रॉटल पूर्ण मागे असतो आणि इंजिन मिनिटाला १,८०० फेऱ्यांवर नुसते फिरत असते. त्या वेळी ते तासाला जेमतेम एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पिते. एका रोटरला एका फेऱ्यात ०.०१७५ सीसी इंधन द्यायचे असते, एका थेंबाहूनही कितीतरी कमी. हजार सीसीचा इंजेक्टर हे काम एका मिलिसेकंदात उरकतो, ८५० चा सव्वा मिलिसेकंदात, ५५० चा १.९ मध्ये आणि ४६० चा २.३ मध्ये. दीड मिलिसेकंदाच्या खाली मी तपासलेला एकही इंजेक्टर सरळ रेषेत वागला नाही. पल्स, म्हणजे इंजेक्टरला वीज देण्याची वेळ, दहा टक्के वाढवली तर इंधन कधी पाच टक्के वाढे, कधी वीस. त्याचा परिणाम म्हणून इंजिन कमी फेऱ्यांवर उसळ्या घेते, आणि ती प्रत्येक उसळी मधल्या गिअरबॉक्सच्या दातांवर आपटते. १३बी चे ६,००० फेरे पंख्याला सोसत नाहीत, म्हणून २.८५ ला १ असा गिअरबॉक्स लावलेला असतो. त्याचा खडखडाट एकदा ऐकला की खडबडीत आयडल, म्हणजे थ्रॉटल मागे असतानाचे ते नुसते फिरणे, ही किरकोळ गोष्ट वाटत नाही.

म्हणजे मला दोन्ही टोके साधणारा इंजेक्टर हवा होता. हिशेब ५५० वर येऊन थांबला. दोनच चालू असताना १५० अश्वशक्तीला ७.७ मिलिसेकंद वाहणे आणि ०.९ उशीर, एकूण ८.६, दहाच्या आत बसते. पूर्ण १८० अश्वशक्ती दोन इंजेक्टरांवर मिळत नाही, हे मी समजून उमजून स्वीकारले.

पण छापील आकड्यावर विश्वास कसा ठेवायचा? इंजेक्टरचा सीसी म्हणजे कोणत्या दाबाला, हे बहुतेक जाहिरातींत लिहिलेलेच नसते. माझदाच्या जुन्या इंजेक्टरांचा आकडा साधारण अडीच बारचा असतो, बॉशचा ३ बारचा. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ३ बारवरून ४ बारवर गेले की इंजेक्टर साडेपंधरा टक्क्यांनी ‘मोठा’ होतो. दाब वाढवून लहान इंजेक्टर चालवून घेण्याचा मार्गही मला सुचवला गेला होता. तो मी घेतला नाही, कारण दाब वाढला की पंपाचा भार वाढतो आणि पंप हा विमानातला असा भाग आहे की त्याला शक्य तितके हलके काम द्यावे.

याच टप्प्यावर मी सांगलीला मामांना फोन केला. मामांचे चाळीस वर्षे डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीचे दुकान होते. साखर कारखान्यांच्या हंगामात ऊस वाहणाऱ्या ट्रकांचे आणि ट्रॅक्टरांचे नोझल त्यांच्याकडे पाटीत भरून येत. लहानपणी मी त्यांच्या नोझल टेस्टरचा दांडा दाबत बसायचो. माझे सगळे हिशेब त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “अरे, किती सोडतं ते नंतर बघ. आधी बंद असताना टपकतं का ते बघ. टपकणारं नोझल किती का सोडेना, ते बाद.” मी म्हणालो, “मामा, हे डिझेल नाही, पेट्रोलचं आहे, दाब फार कमी असतो.” त्यावर ते म्हणाले, “दाब कमी असू दे रे. तुझ्या इंजिनात ते टपकून जातं कुठं, तेवढं सांग.”

ते कुठे जाते हे मला ठाऊक होते आणि म्हणूनच मी क्षणभर गप्प झालो. रोटरी इंजिनात रोटरच्या टोकांना एपेक्स सील असतात, आणि त्यांची घट्ट पकड भिंतीवरच्या तेलाच्या पातळ थरावर अवलंबून असते. इंजिन बंद असताना एखाद्या इंजेक्टरमधून पेट्रोल टपकत राहिले तर ते हा थर धुऊन टाकते, कॉम्प्रेशन जाते आणि इंजिन सुरूच होत नाही. आरएक्स-७ चालवणाऱ्या प्रत्येकाला ही ‘फ्लडिंग’ची व्याधी माहीत असते.

म्हणून मी हँगरच्या दाराबाहेर, मोकळ्या हवेत आणि आग विझवण्याचे नळकांडे शेजारी ठेवून, चाचणीचा बाक उभा केला. जुनी इंधन रेल, रेग्युलेटर, दाबमापक, एक पंप, २५० मिलिलिटरची चार काचेची मोजपात्रे आणि पल्स देणारी एक छोटी पेटी एवढेच त्यात होते. पेट्रोलऐवजी मिनरल स्पिरिट वापरले. इंजिनासोबत आलेल्यांची खात्री वाटत नव्हती, म्हणून एका दुकानातून ‘धुऊन, तपासून, जुळवून’ असे लेबल लावलेले चार जुने ४६० चे इंजेक्टर मी आणले होते. प्रथम तेच लावले. तीस सेकंद सतत उघडे ठेवल्यावर मोजपात्रांत २३१, २२८, २०९ आणि २३२ सीसी जमा झाले. तिसरा नऊ टक्के कमी होता. चार सिलिंडरांत एक थोडा कमी असला तर सरासरीत झाकला जातो. दोन रोटरांत तो एका रोटरचे मिश्रण पातळ करतो. त्याची वरची जाळी काढली तेव्हा ती चहाच्या गाळणीसारखी तपकिरी झालेली होती. जाळी बदलल्यावर तो २२७ वर आला.

त्यानंतर मामांची चाचणी घेतली. पल्स बंद, दाब कायम, आणि प्रत्येक तोंडाखाली पांढऱ्या टिपकागदाचा तुकडा. पहिला, तिसरा, चौथा कोरडे राहिले. दुसऱ्याच्या टोकावर आधी नुसती ओल आली, मग ती गोळा होऊन चकाकणारा मणी तयार झाला, आणि अकराव्या सेकंदाला तो सुटून कागदावर पडला. प्रवाहाच्या चाचणीत हाच इंजेक्टर अगदी निर्दोष ठरला होता. मी नुसता प्रवाह मोजून थांबलो असतो तर तो इंजिनात गेला असता.

फवाऱ्याच्या आकाराची गोष्टही बाकावरच कळली. मोटारींच्या भंगारातून आणलेल्या काही चांगल्या इंजेक्टरांचा फवारा मधून दुभंगून दोन धारा पडत होत्या. एका सिलिंडरला दोन इनटेक व्हॉल्व्ह असतात अशा इंजिनांसाठी ते बनवलेले असतात. माझ्या इंजिनात एका इंजेक्टरसमोर एकच नळी आहे; त्या दोन्ही धारा तिच्या दोन भिंती ओल्या करत राहिल्या असत्या. मला एकच अरुंद शंकू हवा होता.

शेवटी मी बॉशच्या ईव्ही १४ मालिकेतले, ३ बारला ५५० सीसीचे, १२ ओहम रोधाचे पाच नवे इंजेक्टर घेतले. रोधाचा आकडा इथे महत्त्वाचा आहे. जुन्या आरएक्स-७ च्या काही इंजेक्टरांचा रोध दोन-तीन ओहमच असतो. त्यांना वेगळ्या प्रकारचा ड्रायव्हर किंवा मालिकेत रोधक जोडावा लागतो, आणि विमानात प्रत्येक जादा जोडणी म्हणजे निखळू शकणारी एक जादा जागा. १२ ओहमचा इंजेक्टर सव्वा अँपिअरपेक्षाही कमी घेतो आणि थेट चालतो. चारही एकसारखे घेण्याचे कारण असे की कोणतीही जोडी बंद केली तरी कंट्रोलरचा तक्ता तोच राहतो आणि एक जादा इंजेक्टर चारही जागांना चालतो. पहिली जोडी लहान आणि दुसरी मोठी अशी मोटारीतली रचना ताकदीसाठी उत्तम आहे, पण तिच्यात लहान जोडीवर एकटीने उडण्याची वेळ आली की हिशेब पुन्हा कोलमडतो.

पाचही बाकावर लावले. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत दीड टक्क्याचा फरक होता आणि टिपकागद दहा मिनिटांनंतरही कोरडे होते.

मूळ इंजिनात इंजेक्टरांची पहिली जोडी मधल्या लोखंडी भागात बसलेली असते. इंजिन बंद केल्यावर काउलिंगखाली, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाखाली, हवा थांबते आणि तो भाग आपली उष्णता वर सोडू लागतो. टेक्ससच्या ऑगस्टमध्ये, इंजिन बंद करून वीस मिनिटांनी, त्या जागी लावलेल्या थर्मोकपलने ९५ अंश दाखवले. एवढ्या उष्णतेत इंजेक्टरमधल्या पेट्रोलची वाफ होते आणि गरम इंजिन पुन्हा सुरू करताना पंप नुसती वाफ ढकलत राहतो. म्हणून मी त्या जागा बुजवल्या आणि चारही इंजेक्टर ॲल्युमिनियमच्या इनटेक नळ्यांवर बसवले. त्यासाठी वेल्ड केलेल्या बैठका आणि विटॉनच्या ओ-रिंग वापरल्या.

त्यानंतरच्या जुळवणीत दोन गोष्टींनी सर्वाधिक वेळ घेतला आणि दोन्हींच्या मुळाशी तोच उघडण्यातला उशीर होता. जमिनीवर ५,२०० फेऱ्यांना, क्रूझइतका, म्हणजे सरळ स्थिर उड्डाणाइतका, भार ठेवून, चारही इंजेक्टरांची पल्स ३.९ मिलिसेकंद होती. मी एका जोडीचा स्विच बंद केला. कंट्रोलरने उरलेल्या जोडीची पल्स आपोआप दुप्पट केली, इंजिन चालू राहिले, पण घुसमटले आणि मिश्रण बरेच दाट झाले. कारण शोधायला एक रात्र गेली. ३.९ पैकी ०.९ मिलिसेकंद उघडण्यात जातात, इंधन वाहते फक्त तीन मिलिसेकंद. दुप्पट करायचे ते तीनाचे सहा, आणि त्यात ०.९ पुन्हा मिळवायचे, म्हणजे ६.९. कंट्रोलर मात्र अख्ख्या आकड्याची दुप्पट करून ७.८ देत होता, म्हणजे पंधरा टक्के जास्त इंधन. मी उशिराचा आकडा भरायची जागा रिकामी सोडली होती. बाकावर मोजलेला आकडा भरल्यावर स्विच बंद केल्याचे फक्त आवाजातल्या किंचित फरकावरून कळू लागले.

दुसरी गोष्ट विजेची होती. हा उशीर व्होल्टेजवर अवलंबून असतो. बाकावर १४ व्होल्टला मला ०.९ मिलिसेकंद मिळाला, ११.५ व्होल्टला १.४. उडताना अल्टरनेटर बंद पडला तर बॅटरी हळूहळू उतरत जाते, आणि पल्स तीच राहिली तर वाहण्याची वेळ तीनावरून अडीचवर येते. विजेचा बिघाड असा इंधनाचा बिघाड होऊन बसतो, तोही वैमानिकाचे सगळे लक्ष विजेकडे लागलेले असताना. कंट्रोलरमध्ये व्होल्टेजनुसार उशिराचा तक्ता भरता येतो. मी बाकावर अर्ध्या अर्ध्या व्होल्टच्या टप्प्याने मोजून तो भरला आणि मग अल्टरनेटर मुद्दाम बंद करून जमिनीवर तपासला.

जुळवणीच्या काळात १०० एलएल हे शिसे असलेले विमानाचे पेट्रोल वापरले नाही, इथेनॉल नसलेले मोटारीचे पेट्रोल वापरले, कारण शिसे ऑक्सिजन सेन्सर खराब करते. सीलांच्या वंगणासाठी या पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल मिसळतो, गॅलनला एक औंस, म्हणजे लिटरला सुमारे आठ मिलिलिटर. हे तेल इंजेक्टरांतूनच जाते, हे पुढे उपयोगी पडलेले ज्ञान आहे.

प्रमाणित नसलेले इंजिन असल्याने पहिले चाळीस तास चाचणी उड्डाणांचे होते. नवव्या तासाला, धावपट्टीच्या बरोबर वर, जमिनीपासून चार हजार फुटांवर मी पहिली जोडी बंद केली. फेरे साठेक उतरले आणि तिथेच स्थिर झाले. पूर्ण थ्रॉटल देऊन एका जोडीवर चढून पाहिले. विमान चढत राहिले. मग पहिली चालू करून दुसरी बंद केली. थ्रॉटल मागे घेतल्यावर दुसऱ्या जोडीचे आयडल पहिलीपेक्षा खडबडीत लागते, कारण ती बाजूच्या मोठ्या पोर्टांच्या, म्हणजे हवा आत येण्याच्या तोंडांच्या, नळ्यांत आहे आणि कमी फेऱ्यांना तिथली हवा फार संथ असते. ही नोंद मी चेकलिस्टमध्ये केली आहे: दुसऱ्या जोडीवर उतरायचे झाल्यास थ्रॉटल पूर्ण मागे आणायचा नाही.

चाळीस तास पूर्ण झाल्यावर चारही इंजेक्टर काढून पुन्हा बाकावर लावले. प्रवाह दोन टक्क्यांच्या आत जुळत होता. टिपकागद मांडले, दाब दिला आणि दहा मिनिटे खुर्ची टाकून समोर बसलो. तीन कागद कोरडे होते. चौथ्यावर थेंब पडला नव्हता, पण टोक कागदाला टेकवल्यावर मसुरीएवढे पिवळसर कडे उमटले, टू-स्ट्रोक तेलाच्या रंगाचे. तो बाजूला ठेवला, पाकिटातला पाचवा काढून त्याच्या जागी बसवला आणि मामांना कागदाचा फोटो पाठवला.